एका नावाची कहाणी : डॉ. जॉन लँग्डन डाऊन

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर 'डाऊन सिंड्रोम' हे दोन शब्द लिहिले. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने वहीत त्याचा अर्थ 'बुद्धी खाली गेलेली असणे' असा टिपून घेतला. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. पुढे ग्रंथालयात बसून वाचू लागले तेव्हा कळले की, 'डाऊन' हे एका माणसाचे आडनाव आहे. मग त्या माणसाविषयी कुतूहल वाटले. या लेखाचा जन्म त्या कुतूहलातून झाला आहे.

जॉन लँग्डन डाऊन यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८२८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील टॉरपॉइंट या गावी झाला. वडिलांचे गावात औषधांचे व किराणा मालाचे दुकान होते. जॉन हे घरातले शेंडेफळ. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांची शाळा सुटली आणि ते वडिलांच्या दुकानात पुड्या बांधू लागले. पुढचे सारे आयुष्य त्या गल्ल्यावरच जायचे, अशीच चिन्हे होती.

अठराव्या वर्षी एक प्रसंग घडला. तो त्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. एकदा कुटुंबीयांसह फिरायला गेले असता जोराचा पाऊस आला आणि सर्वांनी एका झोपडीवजा घराचा आसरा घेतला. त्या घरातली एक मतिमंद मुलगी पाहुण्यांची सरबराई करीत होती. तिला पाहून तरुण जॉनच्या मनात आले, हिच्यासाठी काहीच करता येणार नाही का? पाऊस थांबला, मंडळी घरी परतली. पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही.

त्यानंतर ते लंडनला गेले. प्रथम एका शल्यवैद्याकडे उमेदवारी केली, मग औषधशास्त्राच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचा अभ्यास केला. प्रकृतीने दगा दिला म्हणून त्यांना गावी परतावे लागले. १८५३ मध्ये वडील वारले, आणि वयाच्या पंचविशीत त्यांनी लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. वर्गातले बरेच सोबती त्यांच्याहून लहान असणार. पण ही उशिरा आलेली स्वारी पदकांवर पदके मिळवीत पुढे गेली. १८५६ मध्ये ते डॉक्टर झाले. इतक्या हुशार माणसाने लंडनच्या श्रीमंत वस्तीत दवाखाना थाटावा, अशीच सर्वांची अपेक्षा होती.

पण १८५८ मध्ये त्यांनी सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या आश्रयगृहात वैद्यकीय अधीक्षकाची जागा पत्करली. मित्रांना हा वेडेपणा वाटला. त्या काळी अशा मुलांना कायद्याच्या भाषेतही 'इडियट' म्हणत. वैद्यकशास्त्रात त्यांना किंमत नव्हती आणि समाजात तर नव्हतीच. आश्रयगृहाची अवस्थाही समाधानकारक नव्हती. डाऊन यांनी तेथे शारीरिक शिक्षा बंद केली. स्वच्छता, सकस अन्न आणि मोकळी हवा यांवर भर दिला. मुलांना स्वतःच्या हाताने, काट्याचमच्याने जेवायला शिकविले; सुतारकाम, शिवण, बागकाम यांचे वर्ग सुरू केले. तेथल्याच जेम्स हेन्री पुलेन नावाच्या, जवळजवळ बहिऱ्या व बोलता न येणाऱ्या रहिवाशाने लाकडातून जहाजांच्या अशा प्रतिकृती घडविल्या की, लोक पाहून थक्क होत. १८६० मध्ये मेरी क्रेलिन यांच्याशी डाऊन यांचा विवाह झाला. या बाईंनी एक पैसाही न घेता त्या संसाराबाहेरच्या मोठ्या संसाराची धुरा पतीच्या बरोबरीने उचलली.

डाऊन यांना कॅमेऱ्याचाही नाद होता. त्यांनी रहिवाशांची कितीतरी छायाचित्रे स्वतः काढली. त्या छायाचित्रांतली माणसे नीटनेटक्या पोशाखात, एखाद्या सभ्य कुटुंबातील मंडळींसारखी बसलेली दिसतात. ज्यांना समाज दाराआड लपवून ठेवीत होता, त्यांना त्यांनी प्रतिष्ठेने कॅमेऱ्यासमोर बसविले.

या निरीक्षणातूनच १८६६ चा त्यांचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला गेला. अनेक मुलांत काही खुणा इतक्या सारख्या असतात की ती एकमेकांची भावंडे वाटावीत, हे त्यांच्या लक्षात आले. चेहरा रुंद व चपटा, डोळ्यांची ठेवण विशिष्ट, नाक लहान, जीभ मोठी. ही मुले नकला करण्यात पटाईत, विनोदी, शिकविले तर शिकणारी. पण रक्ताभिसरण मंद आणि थंडीत प्रकृती खालावणारी, असे बारकाईचे वर्णन त्यांनी केले. एस्किरोल व सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशी मुले आधी पाहिली होती; परंतु हा एक स्वतंत्र प्रकार आहे, हे स्पष्टपणे मांडले डाऊन यांनी. त्यात आणखी एक मोलाची गोष्ट होती. मूल असे का झाले, दाईने अफू चारली की कुणाचा हलगर्जीपणा नडला, असे प्रश्न आईबापांना छळत. ही अवस्था जन्मतःच असते, असे सांगून डाऊन यांनी अनेक निरपराध माणसांच्या माथ्यावरचा ठपका पुसला.

आणि याच निबंधात त्यांच्या हातून मोठी चूकही झाली. मतिमंदांचे वर्गीकरण करताना त्यांनी त्या काळी प्रचलित असलेल्या मानववंशांच्या यादीचा आधार घेतला. या मुलांचे चेहरे मंगोल वंशीयांसारखे दिसतात, आजारामुळे युरोपीय मूल दुसऱ्या वंशाच्या वळणावर जाते, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. आईवडिलांचा क्षयरोग हे त्याचे कारण असावे, असाही त्यांचा कयास होता. दोन्ही गोष्टी साफ चुकीच्या ठरल्या. गंमत अशी की, या चुकीच्या वाटेने ते एका उदार निष्कर्षाला पोचले. वंशांच्या भिंती जर आजाराने ओलांडता येत असतील, तर त्या पक्क्या नाहीत आणि सारी मानवजात एकच आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. अमेरिकेत गुलामगिरीवरून झालेले यादवी युद्ध नुकतेच संपले होते. वंश मुळातच वेगळे असल्याचे सांगून गुलामगिरीचे समर्थन करणारे विद्वान तेव्हा कमी नव्हते. पण उदार निष्कर्ष लोक विसरले आणि 'मंगोल' हे नाव तेवढे चिकटून राहिले. जवळजवळ शंभर वर्षे ही मुले त्या नावाने ओळखली गेली. त्यात मुलांचाही अपमान होता आणि एका संपूर्ण राष्ट्राचाही.

पॅरिसच्या प्रदर्शनात रहिवाशांच्या हातच्या वस्तू मांडण्याचा खर्च देण्यास अर्ल्सवुडच्या चालकांनी नकार दिला. मतभेद वाढले आणि १८६८ मध्ये डाऊन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी पतिपत्नींनी लंडनजवळ टेम्स नदीकाठी 'नॉर्मन्सफील्ड' ही स्वतःची संस्था काढली. ती मुख्यतः सधन घरांतील मुलांसाठी होती, ही तिची मर्यादा मान्य केली पाहिजे. पण तेथे बागा होत्या, शेत होते, कार्यशाळा होत्या. १८७९ मध्ये तेथे चक्क एक नाट्यगृह उभे राहिले. गाणे, नाटक, वाद्यवादन हा तेथल्या शिक्षणाचाच भाग होता आणि नोकरीला येणाऱ्या माणसाला एखादी कला येते का, हेही पाहिले जाई. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना याचे विशेष अप्रूप वाटावे. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी डाऊन यांचे निधन झाले. त्यांच्यामागे रेजिनाल्ड व पर्सिव्हल या डॉक्टर मुलांनी संस्था चालविली.

कहाणी येथे संपती तर एका सज्जन डॉक्टरचे चरित्र एवढेच तिचे मोल राहिले असते. पण १९०५ साली रेजिनाल्ड यांना मुलगा झाला आणि तो याच अवस्थेसह जन्माला आला. नाव ठेवले जॉन, आजोबांचेच! आजोबांनी ज्यांचे वर्णन लिहिले, त्यांच्यातलाच एक आता त्यांच्या घरी नातू म्हणून आला होता. तो नॉर्मन्सफील्डच्या परिवारात वाढला आणि १९७० पर्यंत, म्हणजे पासष्ट वर्षे जगला. रेजिनाल्ड यांनी या मुलांच्या तळहातावरील एकेरी आडव्या रेषेची नोंद केली आणि वडिलांनी लावलेला वंशाचा संबंध नाकारला.

खरे कारण पुढे कळले. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते, हे लायनेल पेनरोज यांनी १९३३ मध्ये दाखविले. १९५९ मध्ये लेजन, मार्थ गोतिए व तुर्पँ या फ्रेंच संशोधकांनी सिद्ध केले की, या मुलांच्या पेशींत गुणसूत्रे ४६ ऐवजी ४७ असतात. एकविसाव्या क्रमांकाचे एक जास्त असते. म्हणजे वंशाचा संबंध नाही, पापपुण्याचा नाही, ग्रहणाचा नाही आणि आईच्या चुकीचाही नाही. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात पत्र लिहून जुने नाव टाकण्याची विनंती केली आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या सांगण्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले. त्या जागी आले 'डाऊन' हे नाव.

आज या मुलांच्या आरोग्याविषयी पुष्कळ माहिती आहे. जवळजवळ निम्म्या मुलांत जन्मतः हृदयदोष असतो. थायरॉइड, कान व डोळे यांची वेळोवेळी तपासणी लागते. उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे सरासरी आयुष्य दहा वर्षांचेही नव्हते. हृदयावरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि घरचा सांभाळ यांमुळे प्रगत देशांत ते आता साठीच्या घरात गेले आहे. लवकर व्यायामोपचार मिळाले, बोलण्याचे शिक्षण मिळाले, तर ही मुले चालतात, वाचतात, नोकरीही करतात. शिकविले तर शिकतात, हे डाऊन यांनी १८६६ मध्येच लिहून ठेवले होते. त्यांचे वर्गीकरण जगाने ताबडतोब उचलले. शिकविण्याचा भाग उचलायला मात्र शंभर वर्षे लागली.

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच अंतर आहे. बारशाला नाव ठेवतात ते मायेने. नावे ठेवतात ती दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी. डॉ. डाऊन यांच्या हातून नकळत दुसरे घडले. पण हातांनी मात्र त्यांनी आयुष्यभर पहिलेच काम केले. आपल्या वाड्यात, गल्लीत असे एखादे मूल असतेच. त्याला आपण कोणत्या नावाने हाक मारतो, एवढे जरी प्रत्येकाने तपासले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.