एका ‘घटा’ची अनेक नावं

अंबाजोगाईत शिकायला असाल तर दासोपंतांचं नाव तुमच्या कानावरून गेलेलं असणार. थोरलं देवघर, धाकटं देवघर, माघातला उत्सव आणि ती पासोडी. पण हा माणूस नेमका कोण, असं पाहुण्यानं विचारलं की आपली गाडी ‘मोठे दत्तभक्त होते’ इथंच थांबते. आज जरा पुढं जाऊ.

शके 1473, म्हणजे इसवी सन 1551. बीदरच्या मुलखातलं नारायणपेठ. दिगंबरपंत देशपांड्यांच्या घरी मुलगा जन्मला. राज्य बरीदशाहीचं, आणि परगण्याचा महसूल वसूल करून सरकारात भरायचं काम वडिलांकडं. घर खातंपितं होतं. मग दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय, हे बीडच्या पोरापोरींना वेगळं सांगायला नको. शेतात काही पिकलंच नाही, तर वसुली कुठून येणार? बाकी थकली.

पुढची कथा परंपरेनं चालत आलेली आहे. बादशहानं थकलेल्या रकमेपोटी दिगंबरपंतांचा कोवळा मुलगाच ठेवून घेतला. महिन्याची मुदत दिली. पैसे आले नाहीत तर मुलगा परत मिळणार नाही, त्याचा धर्मही बदलला जाईल. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार असं नाव सांगणारा एक माणूस आला, सगळी रक्कम मोजून दिली आणि निघून गेला. घरी विचारलं, तर या नावाचं कुणीच नव्हतं. तो प्रत्यक्ष दत्तच, असं सगळ्यांनी मानलं.

हे खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. पाऊस पडला नाही, बापाचं देणं फिटलं नाही आणि त्यापायी पोराचं आयुष्य पणाला लागलं. साडेचारशे वर्षं झाली, तरी ही गोष्ट आपल्याकडं जुनी वाटत नाही.

सुटून आलेला दासो घरात रमला नाही. तो बाहेर पडला, माहूरला गेला. तिथं बारा वर्षं तप केलं म्हणतात. मग आपल्या गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं राक्षसभुवन आणि शेवटी अंबाजोगाई. मुकुंदराजांची समाधी जिथं दाखवतात, तेच हे गाव. इथं दासोपंत कायमचे थांबले आणि लिहीत बसले.

किती लिहिलं? रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, असं गावात सांगतात. ‘गीतार्णव’ ही त्यांची गीतेवरची टीका सव्वा लाख ओव्यांची होती, असं परंपरा मानते. एकट्या अठराव्या अध्यायावर अठरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. अख्खी ज्ञानेश्वरी नऊ हजारांची, यावरून अंदाज करा! तेवढी मोठी टीका लिहूनही त्यांनी तीच गीता थोडक्यात सांगणारी ‘गीतार्थबोधचंद्रिका’ वेगळी लिहिली. शिवाय ‘ग्रंथराज’ आहे, दत्तावरची पदं आहेत.

आणि पासोडी. पासोडी म्हणजे पांघरायचा जाडाभरडा सुती कपडा. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढलं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूतं एकमेकांत मिसळून जग कसं घडतं, त्याचं हे शास्त्र. प्रत्येकात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश, असा चक्क हिशेब आहे त्यात. वेदान्तातला हा अवघड धडा त्यांनी रोजच्या वापरातल्या कापडावर मांडला, तोही मराठीत.

मराठीतच का? दासोपंतांना संस्कृत येत होतं, त्यात त्यांनी लिहिलंही. ज्ञान सांगायचं तर संस्कृतात, असं मानणारे तेव्हा कमी नव्हते. त्यांना दासोपंतांनी ‘गीतार्णवा’त उत्तर दिलंय, आणि दाखला दिलाय थेट स्वयंपाकघरातला. संस्कृतात नुसतं ‘घट’ म्हणून भागवतात. पण कोणता घट? मराठीत डेरा वेगळा, रांजण वेगळा, सुगड वेगळं. प्रत्येकाचा आकार, काम निराळं, म्हणून नावही निराळं. मग नेमकेपणा कोणत्या भाषेत जास्त?

आता हे आपल्याला लावून बघा. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात गेल्यावर ‘कुठल्या गावचा रे तू?’ असं कुणी हसून विचारलं की आपण जीभ आवरून बोलायला लागतो. घरचे शब्द गिळतो. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरीला विचारा. तिच्या बोलण्यात ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नसतं. नवरा-बायकोची अख्खी जोडी त्या शब्दात मोजली जाते. ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे, ज्यांच्यावर घराचं पुढचं सहा महिन्यांचं जगणं ठरतं. मोळी, वाढं, खोडवा... यातल्या एकेका शब्दासाठी प्रमाण भाषेत आख्खं वाक्य लिहावं लागेल. दासोपंतांचा मुद्दा हाच तर होता.

शके 1537च्या माघ वद्य षष्ठीला ते गेले. वय चौसष्ट. अंबाजोगाईत या तिथीला आजही उत्सव असतो. पासोडीही याच गावात जपून ठेवलेली आहे. त्यांचं कितीतरी लिखाण मात्र आपण वाचतच नाही. सव्वा लाखाचा आकडा सगळ्यांना पाठ, पण ओवी एकही नाही.

तर या सुट्टीत घरी गेलात की आजीजवळ बसा. आता वापरात नसलेल्या पाच भांड्यांची नावं तिच्याकडून वहीत उतरवून घ्या. कोणत्या भांड्यात काय ठेवायचे, तेही विचारा. मग त्यातला एक शब्द घेऊन चार ओळी जुळवून बघा. यमक नाही जमलं तरी चालेल. तो शब्द मात्र बदलू नका.