फोटो आपण काढतो, पण बनवतं कोण? १८८८ साली ही वाटणी करणाऱ्या जॉर्ज ईस्टमनची गोष्ट

आज फोटो काढायचा म्हणजे फोन काढायचा आणि बटण दाबायचं. उजेड कमी असला तर फोन वाढवतो, हात हलला तर सावरून घेतो, चेहरा गुळगुळीत करतो. आपल्याला काहीच करावं लागत नाही.

ही सोय स्मार्टफोनमुळे आली असं बऱ्याच जणांना वाटतं. पण फोटो काढणारा एक आणि तो बनवणारा दुसरा, ही पद्धत घराघरात नेली ती कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमननं. तेही १८८८ साली.

जॉर्जचा जन्म १८५४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. रॉचेस्टर शहरात आईनं घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. घरची परिस्थिती बघून जॉर्जनं लहान वयातच शाळा सोडली आणि विम्याच्या ऑफिसात निरोप्याची नोकरी धरली. पगार आठवड्याला ३ डॉलर. पुढं तो बँकेत कारकून झाला.

१८७७ साली त्यानं कॅरिबियनमधल्या सांतो डोमिंगोला जायचं ठरवलं. प्रवासाचे फोटो काढावेत, असं सोबतच्या एकानं सुचवलं म्हणून त्यानं कॅमेऱ्याचं सामान घेतलं. तो प्रवास शेवटी झालाच नाही, पण फोटोचा नाद मात्र लागला.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप होता. काचेवर रसायन लावायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधारात धुवायची. म्हणजे बाहेर जाताना अवजड कॅमेरा, स्टँड, बाटल्या, काचा आणि अंधार करायला तंबू, एवढं सगळं वागवायचं.

इंग्लंडमध्ये कोरड्या काचांचे प्रयोग चाललेत, हे जॉर्जच्या वाचनात आलं. मग दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनं, असा दिनक्रम सुरू झाला. काचांना लेप देणारं मशीन त्यानं बनवलं, पेटंट घेतलं आणि १८८१ साली हेन्री स्ट्राँग यांच्यासोबत कंपनी काढली. बँकेची नोकरी सोडली.

पुढच्याच वर्षी गडबड झाली. विकलेल्या काचा खराब निघू लागल्या. दोष जिलेटिनमध्ये होता. ईस्टमननं माल परत घेतला आणि बदलून दिला. कंपनी जवळपास रिकामी झाली, पण नाव टिकलं.

तरीही फोटो काढणारे मोजकेच होते. खरी अडचण बटण दाबण्यात नव्हती, त्यानंतरच्या कामात होती. ते काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून काढलं तर कुणीही फोटो काढेल, हे ईस्टमननं ओळखलं.

१८८८ साली कोडॅक कॅमेरा आला. या शब्दाला अर्थ नव्हता. ईस्टमनला के हे अक्षर आवडायचं आणि नाव कुठल्याही भाषेत उच्चारता यावं अशी त्याची अट होती. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. दोरी ओढायची, बटण दाबायचं, किल्ली फिरवायची. रोल संपला की अख्खा कॅमेरा १० डॉलरसोबत रॉचेस्टरला पाठवायचा. तिथं फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून कॅमेरा परत यायचा.

आपल्याकडे लोक पुढं कितीतरी वर्षं स्टुडिओत रोल धुवायला टाकायचे, ती याच पद्धतीची पुढची पायरी.

१९०० साली फक्त १ डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला, मुख्यतः लहान मुलांसाठी. सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. सुट्टी, वाढदिवस, अंगणातलं कुत्रं, सगळ्याचे फोटो निघू लागले.

पण या यशाला दुसरी बाजूही आहे. पारदर्शक फिल्मसाठी हॅनिबल गुडविन नावाच्या धर्मगुरूनं १८८७ सालीच पेटंटचा अर्ज केला होता. खटला वर्षानुवर्षं चालला. कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले, पण तोवर गुडविन हयात नव्हता. १९१५ साली अमेरिकेच्या न्यायालयानं कोडॅकवर मक्तेदारीचा ठपका ठेवला.

दुसरीकडे ईस्टमन पैसा वाटतही होता. एमआयटी या संस्थेला त्यानं ‘मिस्टर स्मिथ’ या खोट्या नावानं मदत केली. सगळी मिळून ती रक्कम सुमारे २ कोटी डॉलर होती. गरीब मुलांसाठी दातांचे दवाखाने उभारले, कामगारांना नफ्यातून वाटा दिला. त्यानं लग्न केलं नाही. शेवटी मणक्याच्या आजारानं चालणंही अवघड झालं आणि १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं.

त्यानं लावलेली सवय मात्र राहिली. ‘बाकीचं काम’ दुसऱ्याकडे गेलं की फोटो कसा दिसावा हेही तोच ठरवतो. १९५० च्या दशकापासून कोडॅक प्रिंट काढणाऱ्या लॅबना रंग जुळवायला नमुन्याचा फोटो देऊ लागली. त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर गोरी बाई असायची. तिची त्वचा नीट दिसली की मशीन बरोबर, असा हिशोब. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवायचे. पुढं लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनीही तपकिरी रंग नीट येत नसल्याची तक्रार केली. फिल्म सुधारली, वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं आली, पण त्याला काही दशकं लागली.

आता रॉचेस्टरच्या कारखान्याचं काम फोनमधली चिप करते, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. चेहरा किती उजळायचा, कुठला डाग पुसायचा, याचे नियम कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात. ईस्टमनच्या गिऱ्हाइकाला निदान कॅमेरा पोस्टात टाकताना कळायचं की फोटो दुसऱ्याच्या हाती चाललाय. आपल्याला ते कळत नाही. म्हणून सेल्फीत आपला रंग आरशातल्यापेक्षा वेगळा दिसला, तर एकदा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्युटी मोड चालू आहे का ते बघावं. बऱ्याच फोनमध्ये तो बंद करता येतो.