पेनिसिलिनच्या जनकाचा विसरलेला इशारा

एखाद्या औषधाचा शोध लावणाऱ्यानेच त्या औषधाच्या भावी पराभवाचे कारण जगाला आगाऊ सांगून ठेवावे, असे वैद्यकाच्या इतिहासात फारसे घडलेले नाही. पेनिसिलिनचे जनक सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बाबतीत ते घडले. त्यांच्या शोधाची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. इशाऱ्याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली दिसत नाही.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील लवकर निवर्तले. लंडनला आल्यावर चार वर्षे त्यांनी एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी केली. चुलत्यांच्या मृत्युपत्रातून थोडी रक्कम हाती आली नसती, तर कदाचित तेथेच त्यांचे आयुष्य सरले असते. १९०१ साली ते सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले आणि पुढे जन्मभर तेथेच रमले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांना एक विपरीत गोष्ट दिसली. खोल, वेड्यावाकड्या जखमांत ओतलेली जंतुनाशके कोपऱ्याकोपऱ्यांत दडलेल्या जंतूंपर्यंत पोहोचत नसत. उलट जंतूंशी झुंजणाऱ्या शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच मारीत. जंतूला मारील पण माणसाला इजा करणार नाही असे द्रव्य हवे, ही त्यांच्या पुढील संशोधनाची दिशा या अनुभवातून ठरली.

१९२२ साली त्यांनी अश्रू, लाळ आणि नाकातील स्राव यांत जंतूंना विरघळविणारे लायसोझाइम हे द्रव्य असल्याचे दाखविले. परंतु त्याला बळी पडत ते बहुतेक निरुपद्रवी जंतू. रोगकारक जंतू त्याला दाद देत नसत. येथे एक बारीकसा तपशील महत्त्वाचा आहे. १९२७ मध्ये फ्लेमिंग व त्यांच्या एका सहकाऱ्याने लायसोझाइमला पुरून उरणारे जंतूंचे वाण प्रयोगशाळेत तयार होतात, हे दाखवून दिले. म्हणजे पेनिसिलिन सापडण्याच्या आधीच त्यांनी जंतूंचा प्रतिकार डोळ्यांनी पाहिला होता.

सप्टेंबर १९२८ मधील बशीची कथा सर्वपरिचित आहे. सुटीवरून परतल्यावर त्यांना एका बशीत बुरशी वाढलेली आणि तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झालेले आढळले. त्या बुरशीतील द्रव्य शुद्ध करणे मात्र फ्लेमिंग यांना साधले नाही. ते काम फ्लोरी, चेन आणि त्यांच्या ऑक्सफर्डच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास तडीस नेले. लोकांनी श्रेयाचे माप फ्लेमिंग यांच्याच पदरात अधिक टाकले, हे न्याय्य नव्हे. १९४५ चे नोबेल पारितोषिक तरी तिघांना विभागून मिळाले.

पेनिसिलिनचे कार्य कसे चालते याचा उलगडा नंतर झाला. जंतूच्या पेशीभोवती एक मजबूत भिंत असते. जंतू वाढतो आणि दुभंगतो तेव्हा ती नव्याने बांधावी लागते. या भिंतीतील साखळ्या एकमेकींना सांधणाऱ्या विकराला पेनिसिलिन जखडून टाकते. भिंत कच्ची राहते आणि आतील दाबाने पेशी फुटते. मानवी पेशीला अशी भिंतच नसल्याने ती सुरक्षित राहते. युद्धभूमीवर ज्याची उणीव भासली होती, ते हेच. स्ट्रेप्टोमायसीनसारखी काही औषधे भिंतीला हात न लावता जंतूची प्रथिननिर्मिती बिघडवितात.

डिसेंबर १९४५ मध्ये स्टॉकहोम येथील व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो दुकानातून स्वतःच पेनिसिलिन आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला दाद न देणारे होतात. पुढे तेच जंतू त्याच्या पत्नीला गाठतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन निरुपयोगी ठरते आणि ती दगावते.

अपुरी मात्रा जंतूंना जणू शिकवून तयार करते, अशी त्यांची मांडणी होती. आज ती थोडी दुरुस्त करावी लागते. कोट्यवधी जंतूंत आनुवंशिक घडणीतील अपघाती बदलामुळे एखादाच वेगळा निघतो. कोणी औषधाचे तुकडे करणारे विकर बनवितो, कोणी औषध पेशीबाहेर फेकतो. दुबळे मरतात, हा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. शिवाय हे गुण एक जंतू दुसऱ्याला, तेही परजातीच्या जंतूला, देऊ शकतो. पेनिसिलिन फोडणारे विकर ऑक्सफर्डमध्ये १९४० सालीच, औषध रोग्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी, आढळले होते. सर्दीपडशासारख्या विषाणुजन्य दुखण्यांत तर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग नसतो. तेथे ती देणे म्हणजे शरीरातील इतर जंतूंमधून चिवट तेवढे निवडून काढणे होय.

फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये निधन पावले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि हे दुर्मीळ औषध सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. पुढे ते आणि त्याची भावंडे इतकी सुलभ झाली, की २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर घालावे लागले.

स्टॉकहोमच्या गोष्टीतील गृहस्थ निष्काळजी होता. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावातील शेतमजुराला तसे म्हणता येत नाही. डॉक्टरला गाठायचे तर त्याची दिवसाची मजुरी बुडते, तपासणीची फी वेगळी. चिठ्ठीवर पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असल्या, तरी खिशातील पैशांत दोन दिवसांच्याच बसतात. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की तो कामावर जातो, आणि एखाददुसरी गोळी उरलीच तर ती घरातल्या पोरांच्या पुढच्या दुखण्यासाठी कोनाड्यात जपून ठेवली जाते.