छात्रालयातील साने गुरुजी

सन १९२४ मध्ये खानदेशातील अमळनेर येथील प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक रुजू झाले. स्वभावाने ते मोठे लाजाळू. पुढे छात्रालयाची देखभाल त्यांच्याकडे आली आणि आईबापांपासून दूर राहणाऱ्या मुलांना जणू दुसरे घरच मिळाले.

मुले बाहेर गेली म्हणजे गुरुजी त्यांच्या खोल्यांतून फिरत. कोठे केर पडलेला असे, कोठे अंथरूण तसेच पसरलेले, तर कोठे कंदिलाची काच काजळीने काळवंडलेली. दुसरा कोणी असता तर त्याने छडी उगारली असती. गुरुजी मात्र केरसुणी हाती घेत, अंथरुणाची घडी करीत, काच पुसून लख्ख करीत आणि मुकाट्याने निघून जात. मीही पुष्कळ वर्षे शाळा चालविली आहे. रागावणे किती सोपे असते, हे मला ठाऊक आहे! परतलेली मुले आपली खोली पाहून ओशाळत. हळूहळू ती स्वतःच केरसुणी हाती घेऊ लागली.

मुलांसाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत. ते छापलेले नसे, हाताने लिहिलेले असे. मुले ते आवडीने वाचीत आणि त्यातच गुरुजींचा आनंद सामावलेला असे.

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. छात्रालय सुटले, गोष्ट सांगण्याची ओढ काही सुटली नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. दिवसा तुरुंगातील काम असे. लेखन चाले ते रात्री आणि पहाटे.