देवासचे व्याही राजर्षी शाहू

आपल्या देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, हे जुन्या घरांतल्या मंडळींना ठाऊकच आहे. 1908 मध्ये महाराजांच्या कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब, लग्न होऊन देवासला आल्या. मला मात्र महाराज आठवतात ते दर जूनमध्ये, मुलांच्या ॲडमिशनच्या दिवसांत.

कागलच्या घाटगे घराण्यात 1874 साली यशवंतराव जन्मले. 1884 मध्ये ते कोल्हापूरला दत्तक गेले आणि 1894 मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला. दरबारात शिकलेली माणसे मोजक्याच जातींची. शेतकऱ्याचा मुलगा फी एकवेळ भरेल, पण कोल्हापुरात राहायचे कुठे आणि जेवायचे कोणाकडे? वार लावून जेवण्याची सोय असे ती ब्राह्मण मुलांना. इतरांना तीही नव्हती. महाराजांनी नेमके हे दुखणे हेरले.

सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, ते साधले नाही. मग 1901 पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी अशी एकामागून एक बोर्डिंगे निघाली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार बोर्डिंग आज खटकते, मलाही खटकते. पण त्यामुळे त्या त्या समाजातील ऐपतदारांनी आपल्या मुलांसाठी पैसा काढला, आणि दरबाराने जागा व मदत दिली. जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे मुलांना कमावून शिकायला लावले.

मी स्वतः डिप्लोमावर थांबलो, कारण इंदुरात फीपेक्षा खोलीचे भाडे आणि मेसच भारी पडत होती. यंदा मुलीसाठी एज्युकेशन लोनचा अर्ज भरला, तेव्हाही निम्मा आकडा हॉस्टेलचाच निघाला.

आपल्या शेजारच्या महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांची कथाही अशीच. बडोद्याच्या शिष्यवृत्तीला दहा वर्षे नोकरी करण्याचा करार जोडलेला होता आणि शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले. 1920 मध्ये ते पुन्हा निघाले ते स्वतःची बचत, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले उसने पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर.

त्यांना डी.एस्सी. मिळाली 1923 मध्ये. ती पाहायला महाराज नव्हते. 6 मे 1922 रोजी मुंबईत ते वारले. पुढे 1947 मध्ये आक्कासाहेबांचे चिरंजीव, देवासचे विक्रमसिंहराव, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले.