प्रा. रा. द. रानडे : एका तत्त्वज्ञ अध्यापकाची वाटचाल

रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांना महाराष्ट्र व कर्नाटक प्रामुख्याने 'गुरुदेव' म्हणून ओळखतात. या संबोधनामागे त्यांच्यातील विद्यापीठीय तत्त्वज्ञ बराचसा झाकला गेला आहे. वास्तविक त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग वर्गात आणि ग्रंथालयात गेला. त्यांच्या साधनेचा विचारही या अध्यापकीय जीवनापासून तोडून करता येत नाही.

त्यांचा जन्म 3 जुलै 1886 रोजी जमखंडी येथे झाला. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचा वावर असलेल्या या संस्थानी गावात, 1901 मध्ये, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. पुढच्याच वर्षी मॅट्रिकची परीक्षा देऊन संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली व ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पदवीनंतर प्रकृतीने दीर्घकाळ साथ दिली नाही, तत्त्वज्ञानातील एम. ए. पदवी हाती यावयास 1914 साल उजाडले. त्याच वर्षी ते फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाले.

त्यांचे आरंभीचे लेखन संतांविषयी नाही, ग्रीकांविषयी आहे. हेराक्लायटस आणि ॲरिस्टॉटलने केलेली एलियाटिक मताची चिकित्सा हे त्यांचे विषय होते. मूळ संहितेपाशी जाऊन प्रश्नाची मांडणी करण्याची जी शिस्त येथे दिसते, तीच त्यांनी पुढे उपनिषदांना लावली. 1917 मध्ये ए. जी. विजरी यांच्यासह त्यांनी 'इंडियन फिलॉसॉफिकल रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले. 1924 मध्ये पुण्यात 'अकॅडमी ऑफ फिलॉसॉफी अँड रिलिजन' स्थापन झाली.

1926 मध्ये त्यांचा उपनिषदांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. दासगुप्त आणि राधाकृष्णन यांचे भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे पहिले खंड अनुक्रमे 1922 व 1923 मध्ये आले होते. रानड्यांचे वेगळेपण असे की, त्यांनी उपनिषदे ग्रंथानुक्रमाने न वाचता समस्यानुक्रमाने वाचली. सृष्ट्युत्पत्ती, मानसशास्त्र, सत्ताशास्त्र, नीती अशी प्रकरणे पाडून त्यांनी अखेरीस साक्षात्काराचा विचार केला. यांपैकी मनाविषयीचे विवेचन आजही टिकून राहणारे आहे. जाणणाऱ्याला कशाने जाणावे, हा याज्ञवल्क्याचा पेच सर्वपरिचित आहे. ज्ञाता नेहमी ज्ञाताच राहत असेल तर तो ज्ञेय होऊ शकत नाही, मग आत्मज्ञान ही भाषाच निरर्थक ठरते. रानड्यांनी यातून जी वाट काढली ती अंतर्निरीक्षणाची होय. आत्मा इतर वस्तूंप्रमाणे विषय होत नाही हे मान्य करूनही, आत्मजाणिवेत तो एकाच वेळी ज्ञाता व ज्ञेय असतो, आणि हीच जाणीव अस्तित्वाचे अंतिम पद आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. कांटने जेथे थांबावे लागते असे मानले तेथून पुढे जाण्याचा हा प्रयत्न आहे. अंतर्निरीक्षणाने हाती येते ते मनाच्या अवस्थांपलीकडचे असते काय, ही शंका मात्र त्यामुळे पुरती मिटत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला हा सिद्धान्त ओळखीचा वाटतो, कारण त्याच बळावर 1933 मधील महाराष्ट्रातील गूढवादावरचा ग्रंथ उभा आहे. बेलवलकर व रानडे यांनी आखलेल्या इतिहासमालेचा हा सातवा खंड. ज्ञानेश्वरांचा गूढवाद बौद्धिक, नामदेव व समकालीनांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयी, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ व रामदासांचा कर्मप्रवण, असे वर्गीकरण त्यात येते. वर्गात सोयीचे म्हणून ते फार वापरले गेले. प्रत्यक्षात ते ताठर आहे. तुकारामांच्या अभंगांतील व्याकुळतेला ख्रिस्ती साधकांच्या 'आत्म्याच्या काळोख्या रात्री'शेजारी ठेवून रानड्यांनी जो मानसिक क्रम उलगडला, तो मात्र मराठी समीक्षेला नवा होता. 'वचनामृत' संग्रहांतील निवडीतही साक्षात्काराचीच कसोटी आहे. त्यामुळे ओवी-अभंगाचे काव्यरूप मागे राहते, ही त्यांची मर्यादा म्हणावी लागेल.

1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि 1946 मध्ये निवृत्त झाले. नंतर विजापूर जिल्ह्यातील निंबाळ येथे त्यांचे वास्तव्य राहिले. हिंदी संतसाहित्यावरील त्यांचा ग्रंथ 1954 मध्ये आला. 6 जून 1957 रोजी निंबाळ येथे त्यांचे निधन झाले. कन्नड व मराठी संतसाहित्यावरील आणि गीतेवरील ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाले.