३१ मार्च

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण अक्षर वळणदार म्हणून ते माझ्या वाट्याला आले. कॅलेंडरच्या मागच्या पानावरून आणि मुलाने आणून दिलेल्या एका जाड पुस्तकातून मी चार-पाच ओळी काढते, खडू हातात घेते आणि दहा मिनिटांत मोकळी होते. स्मरणिकेसाठी लिही असा यंदा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला, तेव्हा माझ्याकडे फळ्याखेरीज दुसरे काय असणार? म्हणून त्या फळ्यावरच्या एका दिवसाबद्दलच लिहिते.

तो दिवस ३१ मार्चचा. आपल्या घरांतून हा दिवस म्हणजे यजमानांच्या हिशेबांचा. रात्री जेवण झाकून ठेवायचे आणि वाट पाहायची. फळ्यावर मात्र त्या दिवशी बरीच गर्दी असते. १५०४ साली शिखांचे दुसरे गुरू अंगददेव यांचा जन्म. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना. त्यात पुढाकार होता डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांचा. १८८९ साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे उद्घाटन. १९७२ साली मीनाकुमारीचा मृत्यू. आणि १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी एकच ओळ लिहिली होती, पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून. शिवणवर्गाला येणाऱ्या एका मुलीने विचारले, काकू, मग त्यांचा दवाखाना कुठे होता? मला सांगता आले नाही. घरी जाऊन वाचू लागले तेव्हा कळले की दवाखाना नव्हताच. तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे.

कल्याणच्या जोशांची ही मुलगी. माहेरचे नाव यमुना. ती लहान होती तोवर मी तिला एकेरीच लिहिणार, कारण नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला अहोजाहो करायला माझी लेखणी वळत नाही. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला, बिजवर, तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. त्याची अट एकच, की बायकोला मी शिकवणार आणि कोणी आड यायचे नाही. लग्नात त्याने तिचे नाव आनंदी ठेवले.

या गोपाळरावांबद्दल काय लिहावे हे मला अजून नीट उमगत नाही. त्यांच्यावाचून आनंदीबाई झाल्याच नसत्या. पण शिकवण्याची त्यांची रीत अशी, की अभ्यास सोडून पोर स्वयंपाकघरात दिसली तर मार. स्वयंपाक केला नाही म्हणून मारणारे नवरे त्या काळी घरोघरी होते, स्वयंपाक केला म्हणून मारणारा हा एकटाच. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांना याची आठवण करून दिली आहे. लहानपणी अंगावर बसलेली लाकडे, फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, सारे काही त्यांनी शांतपणे मांडले आहे. नवऱ्याचा उपकारही त्या नाकारत नाहीत आणि मारही विसरत नाहीत. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. नीट औषधपाणी मिळाले असते तर तो वाचता असे तिच्या मनाने घेतले, आणि वैद्यकी शिकायचे ठरले ते तिथून. चौदा वर्षांची बाळंतीण! आपल्या घरातल्या नववीतल्या मुली डोळ्यांपुढे आणा.

गोपाळरावांच्या बदल्या सारख्या होत. अलिबाग, कोल्हापूर, भूज, पुढे कलकत्त्याकडे. रस्त्याने नवऱ्याबरोबर पुस्तके घेऊन चालणारी बाई म्हणून लोक हसत. कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी अमेरिकेतील वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिले. ख्रिस्ती होत असाल तर पाहू, अशा अर्थाचे उत्तर आले, आणि हा पत्रव्यवहार त्यांच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सी प्रांतात रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले ते मासिक त्यांनी सहज उचलले. तेथून दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ज्या मावशीला पाहिलेही नाही तिच्या भरवशावर समुद्र ओलांडायचा होता.

जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी भाषण केले. (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपले नगरचे नव्हे. मी आधी तोच घोटाळा केला होता.) आपल्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नाहीत आणि अंगावर काढून मरतात, म्हणून या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांचे मुख्य म्हणणे. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी भर सभेत सांगितले. वय अठरा पुरे व्हायचे होते.

त्यांचे ते पहिले म्हणणे वाचताना मला माझी धाकटी जाऊ आठवली. गावी असताना तिने एक दुखणे चार महिने लपवून ठेवले होते, कारण दवाखान्यात तपासायला पुरुष होते. मलाही बोलली नाही. शहरात बाई डॉक्टरीणबाईंपुढे नेली तेव्हा कुठे तोंड उघडले. निभावले, पण उशिराने. आनंदीबाईंच्या भाषणाला शंभराहून अधिक वर्षे झाल्यावरची ही गोष्ट आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. बरोबर नवरा नाही, नात्यातले कोणी नाही. ४ जूनला न्यू यॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. तेथील प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांच्यावर लेकीसारखी माया केली. पण थंडी आनंदीबाईंना मानवली नाही. मांसाहार नाही, म्हणजे खाण्याचे हाल. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून गारठतात म्हणून त्या गुजराथी पद्धतीने पातळ नेसू लागल्या. साडी मात्र सोडली नाही. १८८५ मधले त्या कॉलेजातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या एक विद्यार्थिनी अशा तिघीजणी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. मुलाने मोबाइलवर मोठे करून दाखवले. आनंदीबाईंचा चेहरा मला थकलेला वाटला.

खोकला तेव्हाच लागला होता. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने दुसरा कोणता विषय घ्यावा? समारंभाला त्यांच्या लांबच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते आणि तिथे व्याख्याने देऊन नको तेवढे वाद ओढवून घेत होते. व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश आला.

त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे कितीतरी वर्षे रोगी तपासले. तेव्हा पहिली कोण, या वादात आपण पडू नये असे मला वाटते. फळ्यावरचा पहिल्या हा शब्द मी आता लिहीत नाही. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या, एवढेच लिहिते.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमले होते. हातात नेमणूक घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या, पण क्षयाने शरीर पोखरले होते. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस पुरे होण्यास ३३ दिवस कमी होते. जी मुलगी दवाखाना कुठे म्हणून विचारत होती तिला मी हे सांगितले, तेव्हा तीही काही बोलली नाही.

गोपाळरावांचे पुढे बरेच चमत्कारिक झाले. पुण्यातले पंचहौद मिशनचे चहा प्रकरण, ज्यात टिळक आणि रानडे यांच्यासकट कितीजणांना प्रायश्चित्ताचा त्रास झाला, ते १८९० साली घडवून आणणारे हेच गृहस्थ. नंतर स्वतः ख्रिस्तीही झाले आणि परतही आले. असो.

रमाबाईंनी १८८७ मध्येच आपले इंग्रजी पुस्तक आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केले. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले; बाईने बाईचे चरित्र लिहावे ही त्या काळी नवलाची गोष्ट. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही जोशी हे नाव आहे. पहाटे डबे करताना खिडकीतून शुक्र दिसतो त्या दिवसांत मी आता आधी त्याच्याकडे पाहते, मग गॅस पेटवते.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यू यॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या आजही आहेत.

आपला फळा लहान, सहा ओळींपुढे जागा नाही. येत्या ३१ मार्चला त्यातल्या चार आनंदीबाईंना द्यायच्या असे मी ठरवले आहे. गुरू अंगददेव आणि प्रार्थना समाज राहतील. आयफेल मनोऱ्याला यंदा जागा नाही. मीनाकुमारीचे काय करायचे ते सभेत ठरवू.